वादी

दात आणि हाड एकमेकांना शिवत नाहीत.
मधे पाव मिलिमीटरहून कमी जागा,
तिथे तिरके धागे, थोडं रक्त, थोडं पाणी.
दात त्यात टांगलेला असतो,
रोवलेला नव्हे.
हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, आणि त्या रात्री
मी भाकरी फार हळू चावली.

आता मी त्या जागेचं मॉडेल करते.
दाताचे बावीस हजार तुकडे, हाडाचे लाखभर,
मधल्या पडद्याला मात्र एक आकडा द्यावा लागतो:
किती ओढलं की किती ताणतो.
एका प्रबंधात तो रबर आहे,
दुसऱ्यात जवळजवळ हाड.
दोन्ही छापून आलेत.
हेर्लेकर मॅडम म्हणतात, मधला कुठलातरी घे, कारण लिही.

कारण शोधत मी सुभाषनगरला घरी येते.
आप्पा ओट्यावर. मांडीत तळ, हातात आरी,
वादीचं एक टोक दातात.
बाभळीची साल, हिरडा, कुंडातल्या पाण्याचा तो वास
जो माझ्या दप्तराला यायचा,
आणि ज्याच्यामुळे माझ्या बाकावर
नेहमी ऐसपैस जागा असायची.

मी आलेख काढून दाखवते.
रेघ आधी लोळते, मग एकदम उभी राहते.
लोळत्या भागाला पुस्तकात पायाच्या बोटाचं नाव आहे.
आप्पा वादी न सोडता हसतात.
"अंगठा म्हण की.
नवी चप्पल पयल्यांदा अंगठ्यालाच चावती.
आठ दिस गप घालून हिंडायचं,
मग कातडं आपसूक पाय वळखतं.
दम न्हाई काढला, ठोकून सैल केलं,
तर मेलं ते."

कागलच्या प्रणीतच्या सुळ्याचं हेच झालं होतं.
निरोप समारंभाच्या फोटोआधी सरकावा
म्हणून तार जास्त पिळली.
दाबाखालचा पडदा काचेसारखा झाला, पेशी गेल्या,
आणि सुळा पाच आठवडे
म्हसोबासारखा जागच्या जागी.
जोर हलका लागतो. हलका, आणि खूप दिवस.

"तुझा त्यो आकडा," आप्पा विचारतात,
"वल्या कातड्याचा का वाळल्याल्या?"

मी गप्प.
आकडे सगळे मेलेल्या जबड्यांचे,
गोठवलेले, चकत्या केलेले, यंत्रात ओढलेले.

मग ते वादी काढतात, थुंकायला वळतात,
आणि मला पुढच्या दोन दातांमधली फट दिसते.
रोज बघितलेली.
कधी न मोजलेली.

त्यांच्या लग्नाच्या फोटोत ती नाही.
बिंदू चौकातल्या स्टुडिओत, बावीस वर्षांचे आप्पा,
दात कसे, दाराच्या दोन फळ्या लावून घेतल्यासारखे.
नंतरची चाळीस वर्षं
ना डॉक्टर, ना तार, ना तारीख.
एका बाजूला विरत, दुसऱ्या बाजूला भरत
हाड धंद्याला वाट देत गेलं.

सोमवारी केएमटीने त्यांना स्कॅनला नेलं.
हनुवटी टेकवा, हलू नका.
वीस सेकंद ते तोंडात काही न धरता उभे,
हात कुठे ठेवावेत ते कळेना.

आता त्यांचा जबडा माझ्या पडद्यावर,
निळा, जाळीदार, कुणाचाही असावा तसा.
मी हलका जोर लावते,
दिवसांच्या रकान्यात चौदा हजार सहाशे भरते,
रविवार धरून, कारण रविवारीच गिऱ्हाईक जास्त.
पहाटे साडेतीनला उत्तर येतं.
फट पडते. पण त्यांच्या फटीच्या निम्मी.

उजाडल्यावर फोन करते.
आप्पा, वादी दातात धरायचा तेव्हा कोरडी असायची ना?
तिकडे खोकला, नळ, कुणीतरी तळ ठोकतंय.
"कोरडी कशी असंल? तोंडातच असती की दिसभर."

मी आकडा खोडते.